उन्हाळ्यात मासा जातो कुठे?

चैत्र सरला की तलावावर जाणाऱ्या माणसांची तोंडे उतरतात. संध्याकाळी जाळे लावावे, रात्रभर वाट बघावी, पहाटे ते ओढावे, आणि त्यात निघावे काय? चार चिलाप्या आणि शेवाळाचा गोळा. माघ महिन्यात ज्या जागी दहा-बारा किलो मासा लागत होता, त्याच जागी वैशाखात दोन किलोही लागत नाही. जाळे तेच, माणूस तोच, तलावही तोच. मग माणूस म्हणतो, "मासा संपला."

मासा खरेच संपला का? तसे असते, तर पहिल्या पावसाचे गढूळ पाणी तलावात आल्याबरोबर जाळी भरतात ती कशी? एका रात्रीत एवढा मोठा मासा काही आभाळातून पडत नाही. तो तलावातच होता. आपण जिथे जाळे लावीत होतो, तिथे मात्र नव्हता.

आम्ही शाळामास्तर. मासे धरणे हा आमचा धंदा नव्हे. पण शाळेच्या मागेच भोयांची आळी होती आणि पुढे तलाव. तिथल्या एका वयस्कर भोयांना सगळा गाव तात्या म्हणे. एका वैशाखात तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. पान नाही, तंबाखू नाही, नुसते बसून राहिले. मग म्हणाले,

"गुरुजी, मासा सरला बगा. व्यापाऱ्याची उचल डोक्यावर हाय. पोरगं म्हनतंय, बारीक जाळं आनू."

हे बारीक जाळे म्हणजे जवळजवळ मच्छरदाणीच. त्यातून काही सुटत नाही. करंगळीएवढा मासाही त्यात येतो. आता हा करंगळीएवढा मासा कोणता, हे तुम्हांला ठाऊक आहे. संस्था पावसाळ्यात पैसे मोजून कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली आणते आणि तलावात सोडते. तीच ही पिल्ले. उन्हाळ्यात यातली काही वाढून मोठी झालेली असतात, काही मागे राहिलेली असतात. बारीक जाळ्याने ती उचलली म्हणजे पेरलेले बी उकरून खाल्ल्यासारखे झाले.

आम्ही हिशेब करून दाखवला. एक बोटुकली वीस ग्रॅमची धरली, तर किलोत ५० बसतात. हा किलोभर चुरा बाजारात कोण किती भावाने घेणार? यातली निम्मी मेली असे धरा. उरलेल्या २५ जणी वाढून एकेक किलोच्या झाल्या, तर २५ किलो मासा होतो. आज एक किलो, की पुढे २५ किलो?

तात्यांना हिशेब कळत नव्हता असे नाही. ते म्हणाले, "गुरुजी, पंचवीस किलो पुढल्या साली. व्यापारी ह्या सोमवारी येनार."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पोटाची घाई असलेल्या माणसाला नुसता हिशेब सांगून भागत नाही. म्हणून आम्ही म्हटले, "तात्या, आठ दिवस द्या. मासा कुठे गेला ते आधी पाहू. नाहीच सापडला तर मग बोलू."

आणि पहिलाच सल्ला आम्ही चुकीचा दिला! आम्हांला वाटले, वरचे पाणी उन्हाने तापते, तेव्हा मासा गारव्यासाठी तळाशी जात असणार. आम्ही सांगितले, "जाळे अगदी खोल लावा. जुन्या ओढ्याच्या पात्रात, तळाला टेकवून लावा." तात्यांनी तसे केले. दोन रात्री जाळे तिथे उभे होते. दोन्ही पहाटे रिकामे वर आले. मासा सोडा, एक खेकडासुद्धा नाही. वर जाळ्याला काळा चिखल लागलेला आणि त्याला घाण वास. तात्या काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलाने आमच्याकडे जे पाहिले ते आम्हांला अजून आठवते.

तो वासच आमच्या उपयोगी पडला. तो कसा, ते आता बघा.

तुम्ही लहानपणी विहिरीत पोहला असाल. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारली की छातीपर्यंत पाणी कोमट लागते आणि पाय खाली सोडले की पायांना एकदम गार लागते. असे का? गरम पाणी हलके असते, ते वर राहते. गार पाणी जड असते, ते खाली बसते. मध्ये भिंत नसते, पडदा नसतो, तरी दोन पाणी एकमेकांत सहज मिसळत नाहीत. खोल तलावात आणि धरणात उन्हाळ्यात असेच होते. वर कोमट पाण्याचा थर, खाली गार पाण्याचा थर.

आता दुसरी गोष्ट. चुलीवर पाण्याचे भांडे ठेवले की उकळी येण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे धरतात. ते बुडबुडे कशाचे? पाण्यात विरघळलेली हवा असते, ती पाणी तापल्यावर बाहेर पडते. मासा याच विरघळलेल्या हवेतला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पाणी २० अंश उष्ण असेल तर एका लिटरात सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो. तेच ३० अंशांवर गेले तर साडेसात मिलीग्रॅमच मावतो. कटला-रोहूला नीट राहायला लिटरमागे ५ मिलीग्रॅम तरी हवा.

म्हणाल, साडेसात आहे ना, मग पुरे झाले. पण मावतो म्हणजे असतोच असे नाही. कणगीत दहा पोती मावतात म्हणून ती भरलेलीच असते का? शिवाय माशाचे अंग पाण्याबरोबर तापते. आपल्यासारखे त्याचे अंग सारख्या उष्णतेचे राहत नाही. अंग तापले की त्याला श्वास जास्त लागतो. एकीकडे पुरवठा कमी, दुसरीकडे गरज जास्त. अशा वेळी मासा उगाच धावाधाव करीत नाही. बरी जागा शोधतो आणि तिथे गप्प राहतो. जाळे तर उभेच असते. मासा हिंडला, तरच तो जाळ्यात येणार. मासा हिंडायचा थांबला की जाळे रिकामे. गळाचेही तेच.

मग तो तळाच्या गार पाण्यात का जात नाही? तिथे प्राणवायू नसतो म्हणून. पाला, शेण, मेलेले शेवाळ, सगळे तळाला जाऊन बसते आणि कुजते. कुजायला प्राणवायू लागतो. वरच्या पाण्याला वारा लागतो, लाटा उठतात, हवा मिसळते. खालच्या पाण्याला हे काही मिळत नाही, कारण वरचे पाणी खाली उतरत नाही. होता तो प्राणवायू संपतो आणि मग कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्या पाण्यात मासा राहू शकत नाही. वर जास्त ताप, खाली श्वास नाही. मासा मध्ये अडकतो. जागेची अडचण झाल्यावर आपण तरी काय करतो?

मध्ये म्हणजे किती खोल? हे प्रत्येक तलावाचे वेगळे असते आणि अंदाजाने कळत नाही. त्यासाठी आम्ही एक सोपी युक्ती केली. तुम्हीही करून पाहा. काही खर्च नाही.

एक रिकामी काचेची बाटली घ्यावी आणि तिला घट्ट बूच बसवावे. बाटलीच्या बुडाला फडक्यात दगड बांधावा, म्हणजे ती बुडेल. बाटलीच्या गळ्याला लांब दोरी बांधावी. या दोरीला दर वावेला एक गाठ मारावी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सुमारे सहा फूट. बुचाला दुसरी, वेगळी सुतळी बांधावी. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत खाली सोडावी आणि सुतळीला हिसका द्यावा. बूच निघते, बुडबुडे वर येतात आणि बाटली त्या खोलीच्या पाण्याने भरते. बुडबुडे थांबले की बाटली वर ओढावी. लगेच पाण्यात बोट घालून पाहावे आणि वास घ्यावा.

आम्ही आणि तात्या काहिलीत बसून तलावाच्या मध्यावर गेलो. (आम्हांला पोहता येत नाही, ही गोष्ट आम्ही तात्यांना परत आल्यावर सांगितली. तुम्ही असे करू नका.) तिथे पाणी पाच वाव भरले. पहिल्या वावेचे पाणी अंघोळीसारखे कोमट. दुसऱ्या वावेचेही कोमटच. तिसऱ्या वावेचे पाणी बरेच गार आणि वास नाही. चौथ्या वावेच्या पाण्याला थोडा वास. पाचव्या वावेची बाटली वर आली आणि तात्यांनी नाकाला फडके लावले.

तात्यांचे जाळे उंचीला एक वाव. ते तळाला टेकवले म्हणजे चार ते पाच वावांच्या मध्ये उभे. आम्ही ते बरोबर मेलेल्या पाण्यात लावले होते!

त्या दिवशी तात्यांनी जाळे उचलले. जाळ्याच्या वरच्या दोराला ठरावीक अंतरावर दोन-दोन वाव लांबीच्या दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला थर्माकोलचा मोठा तुकडा. तुकडे पाण्यावर तरंगले, जाळे त्यांना टांगले गेले आणि दोन ते तीन वावांच्या मध्ये पडद्यासारखे उभे राहिले. दोन्ही टोकांना दगडाचे नांगर. पहाटे चार रोहू आणि दोन कटले लागले. सात किलो भरले. फार नव्हे, पण आधीच्या दोन रात्रींत शेपूटही दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला वाटले, मास्तरांना मंत्र सापडला. त्या रात्री तीन घरांनी जाळी टांगली. आणि पहाटे? तिघांचे मिळून दोन किलो.

तात्यांनीच कारण सांगितले. "चांदनं बगितलं का गुरुजी? मासा जाळं बगतोय." दोन दिवसांवर बुद्धपौर्णिमा होती. उन्हाळ्यात पाणी संथ आणि नितळ असते. लख्ख चांदण्यात नायलॉनचे पांढरे जाळे माशाला दिसते आणि तो वळसा घालून जातो. ही गोष्ट भोयांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आम्हांला नवीन होती. पण पंचांग बघणे आमच्या सवयीचे, म्हणून आम्ही त्यात थोडी भर घातली. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणजे वद्य पक्षात दिवेलागणीपासून चंद्र उगवेपर्यंत अंधार असतो. वद्य पंचमीला हा अंधार तीन-चार तासांचा होतो. तेवढ्या वेळेपुरते जाळे लावावे. शुद्ध पक्षात उलटे. संध्याकाळी चंद्र असतो, तो मावळल्यावर पहाटेपर्यंत अंधार असतो. तेव्हा झोपमोड करून मध्यरात्रीनंतर जाळे लावावे. पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस जाळी विणायला बसावे, ते बरे. नवे जाळे घेताना हिरवट किंवा मातकट रंगाचे मिळाले तर तेच घ्यावे.

संध्याकाळचा वारा हीही पाहण्याची गोष्ट आहे. आपल्या देशावर मे महिन्यात दुपारनंतर बहुधा पश्चिमेकडून वारा सुटतो. तो पाण्यावरचे बारीक जीव आणि शेवाळ ढकलत पूर्वेच्या काठाला नेतो. कटला हेच बारीक जीव खातो. त्याचे तोंड पाहा, वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या पाण्यात चरणारा मासा. शिवाय लाटा आपटतात तिथे पाण्यात हवा मिसळते. म्हणून संध्याकाळी ज्या काठाला लाटा आपटतात, तो काठ धरावा. पुष्कळ लोक संथ पाणी बघून जाळे लावतात, कारण तिथे लावायला सोपे. सोपे आपल्याला, माशाला नव्हे.

रोहू मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाशी. मृगळाला तळ हवा, पण जिवंत तळ हवा. म्हणून उन्हाळ्यात तो सगळ्यांत खोल जागी सापडत नाही. जिथे तळ दोन-तीन वावांवरच आहे, अशा उताराच्या जागी सापडतो. वाम आणि शिंगाळा हेही तळाचे. दोघे दिवसा दडून बसतात आणि रात्री हिंडतात. वामेसाठी दगडांच्या जवळ, अंधार पडल्यावर, गांडूळ लावून गळ टाकावा.

मरळ सगळ्यांहून वेगळी. ती पाण्यातला प्राणवायू तर घेतेच, पण वर येऊन तोंडाने हवाही घेते. त्यामुळे जिथे दुसरा मासा गुदमरेल, तिथे गवताच्या कडेला मरळ खुशाल राहते. भर उन्हाळ्यात मधले पाणी काही देईना, तर गवताच्या बेचक्यात सकाळी लवकर जिवंत आमिषाचा गळ लावून पाहावा. मात्र लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर फिरताना दिसला, तर तिथे गळ टाकू नये. त्या थव्याखाली मरळीचे जोडपे राखण करीत असते. ते धरले की सगळा थवा इतर माशांच्या पोटात जातो.

आता उथळ तलावाचे सांगतो. गावतळे आहे, पाणी दीड-दोन वावच आहे, तर तिथे वरचा आणि खालचा असे थर फार वेळ टिकत नाहीत. वारा सगळे पाणी घुसळून टाकतो. तिथे खोलीपेक्षा वेळ महत्त्वाची. हिरव्यागार पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही प्राणवायू घेऊ लागते. रात्रभर सगळेच घेतात, देणारे कोणी नाही. म्हणून पहाटे, उजाडण्याच्या आधी, अशा तळ्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडे वासतात ते याच वेळी. लोकांना वाटते, मासे खेळतात. खेळत नाहीत हो, गुदमरतात. हे दिसले की तळ्यातला मासा थोडा कमी करावा, म्हणजे मोठा मासा काढून विकावा, आणि शेण-खत टाकणे लगेच थांबवावे. पंप लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडता आले तर फार उत्तम.

मोठ्या धरणावर आणखी एक गोष्ट होते. पाणी उतरते. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. उन्हाळ्यात त्याचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते आणि लोक ते पाहायला जातात. देऊळ वर येते, याचा अर्थ मासा केवढ्या जागेतून केवढ्या जागेत आला, याचा विचार करा. पसरलेले पाणी आटून जुन्या नदीच्या पात्राकडे सरकते. जुन्या विहिरी, बांध, पडक्या भिंती, नदीचे डोह, या सगळ्या माशांच्या आसऱ्याच्या जागा. पाण्याखाली त्या कुठे आहेत हे कोण सांगेल? धरण होण्यापूर्वी तिथे ज्यांनी गुरे राखली, अशी म्हातारी माणसे. त्यांना विचारावे. एखाद्या आजीबाईसुद्धा सांगतील, अमुक देवळाच्या पुढे आमचा मळा, मळ्यात विहीर. जाळे मात्र भिंतीवर टाकू नये, बाजूने लावावे. भिंतीत अडकून फाटले तर सगळा उन्हाळा शिवण्यात जाईल.

उन्हाळ्याची ही अडचण आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या सीमेवर ईरी नावाचे प्रचंड मोठे सरोवर आहे. तिथे वॉलआय नावाचा मासा असतो. रात्री दिवा धरला तर त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. त्याला मंद उजेडात चांगले दिसते, म्हणून तो संध्याकाळी आणि पहाटे शिकार करतो. अमेरिकेच्या बाजूचे लोक चालत्या नावेमागे लांब दोरी सोडून गळ ओढीत नेतात आणि हा मासा धरतात. त्या सरोवराच्या मधल्या भागातही उन्हाळ्याच्या शेवटी तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मग तेही आपल्या तात्यांसारखेच करतात. गळ तळावरून वर उचलतात आणि थोडा थोडा खाली-वर करून माशाचा थर शोधतात. नावेचा वेग बदलतात, कधी अगदी संथ, कधी जरा जलद. एका वेगाला मासा येत नसेल तर दुसऱ्याला येतो. त्यांच्याजवळ खोली दाखवणारी यंत्रे आहेत. आपल्याजवळ गाठी मारलेली दोरी आहे. दोघेही शोधतात एकच गोष्ट.

गळ वापरणाऱ्यांनी यातून घेण्यासारखे एवढे आहे. एकाच जागी, एकाच खोलीवर दिवसभर गळ टाकून बसू नये. अर्ध्या तासात काही हालचाल नाही, तर गळ अर्धा वाव वर घ्यावा किंवा खाली सोडावा. उन्हाळ्यात आमिष लहान लावावे. सुस्तावलेला मासा मोठ्या घासासाठी तोंड उघडायचा आळस करतो. आणि भर दुपारी काठावर बसून उन्हाने स्वतःच तळून निघण्यात काय अर्थ आहे?

मासा लागला तरी उन्हाळ्यात एक नुकसान होते, ते ध्यानात ठेवा. कोमट पाण्यात जाळ्यात अडकून मेलेला मासा पहाटेपर्यंत मऊ पडतो. व्यापारी कल्ला उघडून पाहतो आणि भाव निम्मा करतो. यात व्यापाऱ्याची लबाडी किती आणि आपला आळस किती, हे ज्याचे त्याने पाहावे. उपाय म्हणजे जाळे एकदाच पहाटे न ओढता रात्री दहाच्या सुमाराला एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा पाहावे. निघालेला मासा लगेच सावलीत घ्यावा. बर्फ मिळत असेल तर जेवढा मासा तेवढाच फोडलेला बर्फ, एक थर बर्फाचा, एक थर माशाचा. बर्फाला पैसे पडतात खरे, पण निम्मा भाव गेला तर त्याहून जास्त पडतात.

काही लोक यापेक्षा सोपी वाट धरतात. पाण्यात विषारी पूड टाकतात किंवा सुरुंगाची दारू उडवतात. हा गुन्हा आहे, आणि त्या पाण्यावर गुरे येतात, बायका हंडे भरतात. त्याविषयी अधिक लिहायची आमची इच्छा नाही.

तात्यांचे पुढे काय झाले? सोमवारी व्यापारी आला. उचल सगळी फिटली नाही, थोडी फिटली. बाकीसाठी तात्यांना आषाढापर्यंत मुदत मागावी लागली. पण बारीक जाळे घरात आले नाही. मुलाने त्या बाटलीला पक्की दोरी बांधली आणि दर आठ दिवसांनी पाणी काढून बघायला लागला. मे सरत आला तेव्हा वासाचे पाणी साडेतीन वावांवर चढले होते. त्याने आम्हांला न विचारताच जाळ्याच्या दोऱ्या अर्धा वाव आखूड केल्या.

मग वळीव पडतो. वळवाच्या दिवसांत आभाळ काळे झाले, वारा फिरला, की काहील किंवा तराफा तडक काठाला आणावा. जाळे राहू द्यावे. पाण्याच्या मध्यावर वीज आपल्याला शोधत येते, आणि थर्माकोलचा तराफा एका झोतात उलटतो.

वळवाने वरचे पाणी गार होते, वाऱ्याने थर मोडतात, नाल्यातून गढूळ पाणी येते आणि मासा एकदम हिंडू लागतो. चार-सहा दिवस जाळी चांगली लागतात. ते घ्यावेत. पण मृग लागून नाले नीट वाहू लागले, की पोटात गाबोळी असलेला मासा वाहत्या पाण्याच्या तोंडाशी गर्दी करतो. तो अंडी घालायला निघालेला असतो. तिथे जाळे आडवे लावू नये. मासेमारी केव्हा बंद आणि केव्हा सुरू, याचा आपल्या तलावाचा नियम संस्थेच्या सचिवांकडे किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारून घ्यावा, आणि आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा तो लिहिलेला कागद मागून स्वतः वाचावा.

त्या दिवसांत जाळी काढून गोड्या पाण्याने धुवावीत आणि सावलीत वाळत घालावीत. उन्हाने नायलॉन कुजते. तुटलेले आस विणून घ्यावेत. विणताना आस मूळ मापाचाच ठेवावा. माप बोटांनी घ्यावे, आणि ते घरातल्या मोठ्या माणसाच्या बोटांनी घ्यावे, पोराच्या नव्हे.